प्रेमलाचं बटण

मी संशयी बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी शोध लावल्याचा आव आणायला नको. आमच्या धायरीच्या सोसायटीत नवा दूधवाला आला की पहिले आठ दिवस मी साय निरखून बघते. फोनमधलं कुठलंही अ‍ॅप 'परवानगी द्या' म्हणालं की मी 'नाही' दाबते. मग ते चालत नाही. मग मी म्हणते, बघा, याच्या मनात काहीतरी होतंच. एकदा पोळ्या करताना मी नुसतं तोंडाने "गुडघे गेले गं बाई" म्हणाले, तर संध्याकाळी फोनवर गुडघ्याच्या पट्ट्याची जाहिरात. लोक म्हणतात योगायोग. मी तेव्हापासून फोन स्वयंपाकघरात नेत नाही.

या संशयापायी मी आयुष्यात कुणाचं फारसं वाईट केलं नाही. तीस वर्षं पोस्टात नोकरी केली, तिथे तर तो गुणच होता. वाईट केलं ते एकाच माणसाचं आणि ती माझी मैत्रीण होती. म्हणजे आहे. प्रेमला आगाशे, आमच्या समोरच्या दाराची. तिच्या टीव्हीखाली साबणाच्या डबीएवढी एक डबी असायची आणि डबीबरोबर एक लहानसा रिमोट. त्या रिमोटवरचं एक नंबरचं बटण प्रेमलाचं होतं. ते माझ्यामुळे गेलं. एका बटणासाठी एवढं काय, असं वाटेल. म्हणून आधी प्रेमला कोण ते सांगते.

प्रेमला आणि श्रीनिवासराव चौदा वर्षांपूर्वी पेठेतून इकडे राहायला आले. श्रीनिवासराव मुख्याध्यापक होऊन निवृत्त झालेले. त्या घरात मत एकच होतं आणि ते त्यांचं होतं. आमटीत गूळ किती, पडदे कुठल्या रंगाचे, निवडणुकीत शिक्का कुणाला, सगळं. ते दुष्ट होते असं मुळीच नाही. सभ्य, शांत गृहस्थ, बायकोशी कधी आवाज चढवून बोलले नाहीत, रविवारी भाजी स्वतः आणायचे. फक्त "प्रेमला, तुला काय वाटतं?" असं विचारायचं त्यांना सुचत नसे. सहा वर्षांपूर्वी ते गेले. मग वारज्याला राहणारा मुलगा केदार ठरवू लागला. आईचा फोन कुठला, सोफा कुठला, डॉक्टर कुठला. प्रेमला म्हणायची, "त्याला कळतं सगळं." मला हे पटायचं नाही. अडुसष्ट वर्षांच्या बाईला सोफ्यातलं काहीच कळत नसेल, हे कसं शक्य आहे?

संध्याकाळी सात ते आठ मी तिच्याकडे टीव्ही बघायला जाते. माझ्या घरी टीव्ही आहे, चांगला आहे. पण एकटीने टीव्हीला नावं ठेवण्यात मजा नाही. नावं मी ठेवते आणि प्रेमला हो हो म्हणते, अशी आमची वाटणी होती.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. मी जाऊन बसले, तर प्रेमला म्हणाली, "उल्का, तुझं वय नक्की किती गं?"

चौदा वर्षांत जे विचारलं नाही ते आज का? "बासष्ट," मी म्हणाले. खरं सहासष्ट, पण वय सांगताना मी चार वर्षं हातची ठेवते. ती पाठ वळवून कसल्याशा रिमोटवर बटणं दाबू लागली. चॅनल बदललं नाही. आवाज वाढला नाही. तरी ती दाबत होती.

झालं. त्या दिवसापासून माझं टीव्हीकडे लक्ष नाही, प्रेमलाकडे. मी आले की ती काहीतरी दाबायची. मी आठ वाजता निघाले की पुन्हा दाबायची. स्वतः कुकर बंद करायला उठली तरी दाबून जायची, परत आली की दाबायची. टीव्हीखाली तिने क्रोशाचा रुमाल टाकला होता, त्याखाली काहीतरी हिरवं लुकलुकायचं. मी विचारलं तर म्हणाली, "ते वायफायचं असतं." प्रेमलाला वायफायची डबी कुठली आणि इस्त्री कुठली हे सांगता येत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यात एक दिवस तिच्याकडे नवाकोरा डब्यांचा संच दिसला. "कुणी दिला?" तर म्हणे, "असाच."

त्या दिवसांत फोनवरून अटक करायची साथ होती. पोलिसाचा वेश केलेला कुणीतरी पडद्यावर येतो, शिकली-सवरलेली माणसं चार-चार दिवस त्याच्यासमोर हात जोडून बसतात. माझी खात्री पटली की हिला कुणीतरी घरातच डांबलंय आणि उठता-बसता हजेरी द्यायला लावलीय. तीन महिने मी धीर धरला. मग एक दिवस दार लावलं, टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "प्रेमला, खरं सांग. कोण आहे तो?"

प्रेमला आधी घाबरली, मग हसली आणि मग अगदी स्थळ सांगावं तशा आवाजात कुजबुजली, "कुणाला सांगायचं नाही असं सही करून दिलंय मी."

प्रकार असा होता. लोक टीव्हीवर काय बघतात हे मोजणारी माणसं असतात. ती काही घरं निवडतात आणि तिथे असलं यंत्र बसवतात. घरातल्या प्रत्येकाचं एक बटण. आपण बघायला बसलो की दाबायचं, उठलो की दाबायचं. पाहुणा आला तर पाहुण्याचं बटण दाबून तो बाई की पुरुष आणि वय किती, ते भरायचं. कुठली घरं निवडली हे बाहेर कळू द्यायचं नाही, नाहीतर लोक येऊन त्या घरांना गळ घालतील. कळलं, तर यंत्र काढून नेतात. वर्षातून एखादी भेटवस्तू मिळते, ते डबे.

"ते म्हणाले, हे एक घर खूप घरांच्या वतीने असतं," प्रेमला म्हणाली. "म्हणजे माझ्यासारख्या कितीतरी बायका, उल्का. त्यांच्या वतीने मी."

तेव्हा तिचा चेहरा मी बघितला. चौदा वर्षांत तो तसा बघितला नव्हता. मग मला माझं खरं वय सांगावं लागलं, कारण तीन महिने मी कुठेतरी बासष्ट वर्षांची पाहुणी म्हणून चढत होते. ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. "अगं, म्हणजे इतके दिवस चुकीचं गेलं!" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी त्यांना फोन करून चूक कबूल करून मोकळी झाली. मतदानाच्या आदल्या दिवशी माणसं जेवढा विचार करत नाहीत तेवढा ती संध्याकाळी टीव्ही लावताना करायची.

आणि गंमत म्हणजे, प्रेमलाला मतं होती. एक मालिका आम्ही दोन वर्षं बघत होतो. तिच्यात सासऱ्याने सुनेच्या मुस्कटात मारली, तर प्रेमला ताडकन उठली, एक नंबरचं बटण दाबून बाजूला जाऊन उभी राहिली. "मी उठले हे त्यांना कळू दे," म्हणाली. मी बसून राहिले होते, म्हणून माझ्याकडे असं बघितलं की मीही उठले. गाण्याच्या स्पर्धांबद्दल तिचं म्हणणं, "गातात दहा मिनिटं, रडतात पन्नास. रडणं बघायचं तर मी कुणाकडे समाचाराला जाईन." बातम्यांतल्या चर्चा तिने पूर्ण बंद केल्या. आणि एक दिवस चॅनल बदलता बदलता तिला स्नूकर सापडलं. हिरवं टेबल, कोट घातलेली माणसं, काठीने चेंडू ढकलतायत. मला तर त्यात काय चाललंय तेच कळेना. प्रेमला तासभर हलली नाही.

"कुणी कुणावर ओरडत नाही," ती म्हणाली. "एक खेळतो तोवर दुसरा गप्प बसून बघतो. किती छान." मग तिला काळजी लागली. "माझ्यामुळे एवढ्या सगळ्या बायका स्नूकर बघतात असं होईल का गं?"

"होऊ दे," मी म्हणाले. "त्यांचंही बरं होईल."

हे मत असणं मग टीव्हीपुरतं राहिलं नाही. केदारला आईच्या हॉलमध्ये कॅमेरा बसवायचा होता, म्हणजे वारज्याहून फोनवर आई दिसेल. प्रेमला म्हणाली, "नको. मला आवडत नाही." एवढंच. केदार माझ्याकडे बघायला लागला, जणू मी शिकवलं. मी शिकवलं नव्हतं, पण मला आनंद झाला. कॅमेऱ्यावर माझा पहिल्यापासून संशय.

रविवारी केदारची मुलगी तनया यायची आणि टीव्हीला तिचं खेळायचं यंत्र जोडायची. व्हिडिओ गेम या प्रकाराबद्दल माझं मत वाईट आहे. पडद्यातला माणूस पळतो, उड्या मारतो, त्याच्यावर सोन्याच्या मोहरा पडतात, आणि हा सगळा खटाटोप कशासाठी तर पुढच्या पायरीवर पुन्हा तेच करायला मिळावं म्हणून. यात कुणाचा तरी फायदा असणार आणि तो तनयाचा नसणार. प्रेमला मात्र नातीच्या शेजारी मांडी घालून बसायची.

"आजी, तू पण खेळ ना. हे दाबलं की जम्प, हे दाबलं की फायर. सो सिम्पल."

प्रेमलाने दाबलं. पडद्यातला माणूस उडाला. तिने पुन्हा दाबलं, तो पुन्हा उडाला. तनया गेल्यावर ती मला म्हणाली, "यात बरं आहे. दाबलं की लगेच दिसतं. माझ्या बटणाने काय होतं ते मला कधी दिसत नाही. पण काहीतरी होत असणार ना?"

मला दाट शंका होती की काहीही होत नसणार. पण ती शंका मी गिळली. आयुष्यात एवढी एकच गिळली.

बाकीच्या कुठे गिळल्या? प्रेमलाने बोलता बोलता सांगितलं होतं की कधी कधी लबाड माणसं अशी घरं हुडकत येतात. आमचंच चॅनल दिवसभर लावून ठेवा, त्याबद्दल आम्ही तुम्हाला असं देतो, तसं देतो. असा कुणी आला तर दारात उभं करायचं नाही. हे ऐकलं आणि पहाऱ्याचं काम मी आपणहून माझ्याकडे घेतलं. दाराला बसवलेल्या भिंगातून समोरचं दार नीट दिसतं.

एप्रिलमध्ये एका दुपारी प्रेमला दाढ काढायला गेली होती. एरवी त्या वेळी मी झोपलेली असते. त्या दिवशी डोळा लागला नाही. घंटेचा आवाज आला म्हणून भिंगातून बघितलं, तर प्रेमलाच्या दारात तिशीचा एक मुलगा, पाठीवर बॅग. मी दार उघडलं.

"काय हवंय?"

"नमस्कार काकू. आगाशे मॅडम कधी येतील?"

"कशासंदर्भात?"

"त्यांच्याशीच बोलायचं होतं जरा."

"त्या मला सगळं सांगतात. बोला."

"नाही, म्हणजे त्यांनाच सांगावं लागेल. मी नंतर येतो."

"कुठल्या कंपनीचे आपण?"

तो अडखळला. "सर्व्हिसचं काम आहे, काकू."

"ओळखपत्र दाखवा."

त्याने दाखवलं, पण कंपनीच्या नावावर अंगठा ठेवून. त्याचं स्वतःचं नाव तेवढं दिसलं. जुनेद. आणि नाव वाचल्यावर माझा संशय वाढला, हे मी लपवणार नाही. माझ्याबरोबर पोस्टात कमरजहां नावाची बाई वीस वर्षं शेजारच्या खिडकीवर होती, तिच्या डब्यातलं मी खाल्लंय, तिच्या मुलीच्या लग्नात वाढलंय. तरीही वाढला. या गोष्टीची मला लाज वाटते.

तो जिना उतरू लागला तसा मी वरून त्याचा फोटो काढला. सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, एकशे चाळीस घरं. फोटो टाकला आणि खाली लिहिलं: 'संशयित इसम. बी विंगमध्ये आगाशेंच्या दाराशी घुटमळत होता. कंपनीचे नाव सांगत नाही. वॉचमनने अडवावे.' इथवर ठीक होतं. पण लगेच कुणीतरी विचारलं, 'आगाशेंकडेच का?' दुसऱ्याने लिहिलं, 'काकू, कुरिअरवाला असेल, उगाच घाबरवू नका.' याचा मला राग आला. पोस्टातल्या बाईला कुरिअरवाला ओळखता येत नाही? मी बोटांनी टकटक लिहीत गेले. प्रेमलाकडे टीव्हीचं मोजणी यंत्र आहे, ते गुप्त असतं, असली माणसं त्याच्या मागावर असतात, हा त्यातलाच. सगळं लिहिलं. पाठवलं. एकशे चाळीस घरांना, माझ्या हाताने.

वॉचमनने त्या मुलाला फाटकात पाऊण तास बसवून ठेवलं. चार जण भोवती जमले, प्रश्न विचारायला लागले. तो एकच सांगत राहिला, आगाशे मॅडम येऊ द्या. मीही खाली जाऊन उभी राहिले होते, विजयी चेहऱ्याने. प्रेमला रिक्षातून उतरली, गालात कापूस.

"अहो, हे आपले जुनेद," ती सुजल्या तोंडाने म्हणाली. "दर तीन महिन्यांनी येतात यंत्र तपासायला. त्यांना असं का बसवलंय?"

सगळे आपापल्या फोनकडे बघू लागले आणि मग माझ्याकडे. प्रेमला कुणाच्या तरी फोनवर सगळं वाचत होती तेवढा वेळ मी तिथे उभी होते. वाचून तिने फोन परत दिला आणि "या वर" एवढंच जुनेदला म्हणाली.

तो कंपनीचं नाव का सांगत नव्हता, अंगठा का ठेवत होता, हे मला तेव्हा कळलं. तो नियम पाळत होता. प्रेमलाही पाळत होती. मोडला मीच.

पुढचे दोन दिवस प्रेमलाच्या घंटेला उसंत नव्हती. कुणाला डबी बघायची होती, कुणाला तिच्यासोबत फोटो काढायचा होता. डी विंगचे एक गृहस्थ पेढे घेऊन आले. त्यांचा भाचा कुठल्याशा मालिकेत हवालदार होतो, ती तेवढी रोज लावाल का, म्हणून. प्रेमलाने पेढ्यांना हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी जुनेद आला. मी माझ्या दारात उभी होते. प्रेमलाने मला आत ये म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. मी गेले.

"मला कळवावं लागलं, मॅडम," जुनेद म्हणाला. "सगळ्यांना माहीत झाल्यावर इथली नोंद धरता येत नाही. सॉरी."

"तुमची काय चूक?" प्रेमला म्हणाली. तिने क्रोशाचा रुमाल स्वतः उचलून घडी केला. त्याने तारा सोडवल्या, डबी बॅगेत ठेवली, रिमोट ठेवला. एका कागदावर तिची सही घेतली. तिने सावकाश, पूर्ण नाव लिहिलं.

"माझ्याऐवजी आता कोण?"

"दुसरं घर निवडतील."

"एकटी बाई असेल असं बघा," ती म्हणाली. "घरात चार माणसं असली की बाईचं बटण राहून जातं."

"ते माझ्या हातात नसतं, मॅडम. पण सांगून बघतो."

तो निघाला तेव्हा मी जिन्यात त्याला गाठलं. माफी मागितली. नीट मागितली, आडपडदा न ठेवता. तो म्हणाला, "असू दे काकू. वॉचमनने पाणी विचारलं होतं." मला आणखी मेल्यासारखं झालं.

प्रेमलाची माफी मागायला मला चार दिवस लागले. मला वाटत होतं ती भांडेल. मी भांडणाची तयारी करून गेले होते, काय काय ऐकून घ्यायचं ते ठरवलं होतं. ती म्हणाली, "तू माझ्या भल्यासाठीच केलंस ना? झालं तर मग." आणि चहा टाकला. त्याच आठवड्यात केदार येऊन कॅमेरा बसवून गेला. मी विचारलं, "तू नको म्हणाली होतीस ना?" तर म्हणे, "त्याला बरं वाटतं." हॉलच्या कोपऱ्यात वर तो आता बसलेला असतो.

मी पुन्हा सात वाजता जाऊ लागले. पहिल्या दिवशी तिने टीव्हीचा मोठा रिमोट माझ्या हातात दिला. "तूच लाव." मी स्नूकर शोधून लावलं. ती बघत बसली, पण मध्येच पालेभाजी निवडायला घेतली, मध्येच गॅसकडे गेली. मी म्हणाले, "आवडतं ना तुला?" "छान आहे की," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी गाण्याची स्पर्धा लावली. "छान आहे," म्हणाली. ती सुनेच्या मुस्कटात मारणारी मालिका लावली. तरी बसून राहिली.

मला राहवेना. मनात एक शंका आली होती आणि शंका आली की मला खात्री करावीच लागते. काल एक विनोदी कार्यक्रम चालू होता. दोन माणसं स्टेजवर होती, एक दुसऱ्याला कुठल्याशा गावाचा पत्ता सांगत होता. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून प्रेमलाकडे बघितलं आणि मुद्दाम, उगाचच, मोठ्याने हसले.

प्रेमलाने माझ्याकडे बघितलं आणि तीही हसली.